एकच मासा, दोन शुक्रवार

झिंज, मनामा
२० ऑक्टोबर २०२४

चि. विलास यास,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, इथे कोणी गेलेलं नाही. तू मला फोनवर बंद केलंस, व्हॉट्सॲपवर बंद केलंस. टपालखात्याकडे अजून ती सोय नाही, म्हणून टपालानं लिहिते आहे.

कामाचंच लिहिते. आमच्या बाल्कनीत तुझा मासेमारीचा रॉड आणि गळ-दोऱ्याची हिरवी पेटी तीन वर्षं पडून आहे. घरमालक बाल्कनीला काच लावतोय, त्याला जागा मोकळी हवी. रॉड कोणाला देऊन टाकू, की कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर भुसावळला पाठवू? एका ओळीत कळव. रश्मीनं कळवलं तरी चालेल.

शामराव मागे उभे राहून वाचतायत. म्हणाले, "अगं, आधी 'कसा आहेस' असं तरी लिही. ही काय शाळेची नोटीस आहे?"

कसा आहेस?

ते अजून सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये जातात, आठवड्यातून चार दिवस. सल्लागार म्हणे. गुडघा दुखतो म्हणून सल्ला खुर्चीत बसून देतात. त्यांच्या व्हिसावर मी इथे आहे. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून आता मी 'आश्रित' या रकान्यात बसले आहे, यावर मला काही बोलायचं नाही.

त्या प्रकरणाबद्दलही मला काही लिहायचं नाही. तक्रार आली होती, मी परीक्षक होते, परीक्षकानं करायचं ते मी केलं. तिथे दुसरं कोणी असतं तरी तेच केलं असतं.

रॉडचं तेवढं कळव.

पुष्पलता

•

झिंज
९ नोव्हेंबर २०२४

चि. विलास,
सप्रेम जय भीम.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रजिस्टर्ड पत्र होतं. पोचल्याची नोंद मी कॉम्प्युटरवर पाहिली आहे, त्यामुळे मिळालं नाही असं सांगायची सोय तुला ठेवलेली नाही.

रश्मी हे वाचणार असं मी धरून चालते. तू घरी काय सांगितलं असशील याचा मला अंदाज आहे, म्हणून तिच्यासाठी मी सगळं पहिल्यापासून लिहिते. तिनं ऐकून घ्यावं आणि मग ठरवावं.

रश्मी, आमचा इथला फ्रायडे क्लब म्हणजे किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांचा क्लब. बहरीनी, मल्याळी, फिलिपिनो, आपल्याकडचे, सगळे त्यात. मासा खायचा नाही. पकडायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकलेला असतो, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. तुझ्या नवऱ्याला, माझ्या भावाला, या गोष्टीचं वेड होतं. आमच्याकडे राहत होता तेव्हा एसी दुरुस्तीचं काम करून सहा दिवस घरी यायचा तो मेल्यासारखा, आणि सातव्या दिवशी पहाटे समुद्रातल्या दगडी बांधावर जाताना शीळ घालायचा.

दर थंडीत तीन शुक्रवारांची स्पर्धा असते. प्रत्येक शुक्रवारी सकाळी अध्यक्ष त्या दिवसाचं रंगीत टोकन देतात. मासा मोजपट्टीवर ठेवायचा, शेजारी टोकन, आणि फोटो. त्यामुळे जुना फोटो खपवता येत नाही. तीन शुक्रवारांच्या सगळ्यात लांब माशांची बेरीज, ज्याची जास्त तो पहिला. फोटो तपासायचं काम माझ्याकडे, कारण मी शाळेत परीक्षा विभाग सांभाळत होते आणि नकला पकडण्यात माझा हात धरणारं इथे कोणी नव्हतं.

नोव्हेंबर २०२१. विलासचा पहिल्या शुक्रवारचा मासा हामूर. दगडाखाली राहणारा, जाड ओठांचा, अंगभर नारिंगी ठिपके. शेहेचाळीस सेंटिमीटर. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा हामूर, पुन्हा शेहेचाळीस. मी दोन्ही फोटो जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले आणि भिंग लावलं. डाव्या डोळ्यामागे तीन ठिपके एका ओळीत, चौथा ओळ सोडून. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच. दोन्हींत. मासा एकच होता.

आता तूच सांग. सोडलेला मासा आठ दिवसांनी त्याच माणसाच्या गळाला कसा लागेल? म्हणजे तो सोडलाच नव्हता. बांधाच्या दगडांत तारेचा जुना पिंजरा पडलेला होता, इथले लोक त्याला गरगूर म्हणतात. त्यात मासा आठवडाभर जिवंत राहतो. मी दोन अधिक दोन केले.

बक्षीस समारंभात मी ते जाहीर केलं. विलासला बाद केलं, दुसऱ्या नंबरच्या राजनना ट्रॉफी दिली. हे राजन म्हणजे सीफमधल्या बँकेतले, पुण्याचे, ज्यांच्या टोपीलासुद्धा ब्रँड असतो. मला ते तेव्हाही आवडत नव्हते. म्हणजे बघ, आवडीनिवडीचा यात संबंध नव्हता.

महिनाभरात विलासनं राजीनामा दिला, व्हिसा रद्द केला आणि निघून आला. मी जा म्हटलं नव्हतं.

काल हवा छान होती. बांधावर वारा नव्हता, पाणी अजून कोमट आहे. लोकांनी मात्र दगडांत चहाचे कप कोंबून ठेवलेत. स्वतःच्या घरात सोफ्याच्या फटीत कोंबतात का, विचारलं पाहिजे.

पुष्पलता

•

झिंज
१ डिसेंबर २०२४

चि. विलास,
जय भीम.

मागच्या पत्रात "बांधावर वारा नव्हता" असं मी लिहून गेले. टपालात टाकल्यावर लक्षात आलं. तू हुशार आहेस, तुझ्याही आलं असेल. तर लिहूनच टाकते.

तुझा रॉड बाल्कनीत नाही. काचेचंही खरं नाही, घरमालक गेली सहा वर्षं नुसता मोजमापं घेऊन जातो. रॉड मी वापरते. मागच्या थंडीपासून. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले चाला, आणि रस्त्यानं नुसतं चालत सुटणं मला वेडेपणाचं वाटतं. म्हणून हातात काहीतरी असावं. पहिले दोन महिने मी फक्त दगड पकडले. शामराव दगडावर सतरंजी टाकून बसायचे आणि म्हणायचे, "पुष्पा, मासे तुझ्या तासाला गैरहजर राहतात."

आता मला येतं. बऱ्यापैकी येतं. रबरी कोळंबी दगडाच्या कडेला टाकायची, तळाला टेकू द्यायची, मग दोनदा उचलायची. हामूर झडप घालतो आणि लगेच बिळाकडे पळतो. तेवढ्यात ओढला नाही तर गेला. हे तू मला एकदा सांगत होतास. तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते आणि "हं" म्हणत होते.

८ नोव्हेंबरला मला हामूर मिळाला. एकोणचाळीस सेंटिमीटर. खालच्या ओठाला जुनी जखम, डाव्या गालावर ठिपक्यांचा वाकडा त्रिकोण. शामरावांनी हौसेनं तीन फोटो काढले. मी मासा सोडला, माझ्या हातानं. दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहायला बसले, पण हे लिहिलं नाही. मी मासे पकडते हे तुला कळायला नको होतं.

२९ नोव्हेंबरला, म्हणजे परवा, त्याच दगडाच्या कडेला पुन्हा हामूर लागला. वर घेतला. ओठाला जखम. गालावर वाकडा त्रिकोण.

शामराव म्हणाले, "अगं, हा तर तोच!"

मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नका."

"फोटो काढू?"

"काढा."

"मागचा फोटोही दाखवू?"

"नको."

मासा मोजपट्टीवर तोंड उघडमीट करत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. शेवटी तेच म्हणाले, "सोड गं त्याला, गुदमरेल."

घरी आल्यावर मी भिंग काढलं. काल दिवसभर आणि आज सकाळी. एकूण एक ठिपका मोजला. मासा एकच आहे. आणि तो मी पिंजऱ्यात ठेवला नव्हता, हे मला ठाऊक आहे.

आता यावरून लगेच तुझ्या प्रकरणाबद्दल काही सिद्ध होतं असं नाही. एका माशावरून नियम ठरत नाही. मी अजून बघणार आहे.

रॉडच्या टोकाची कडी झिजली होती, ती बदलून घेतली. तुझी हरकत नसावी.

पुष्पलता

•

झिंज
२२ डिसेंबर २०२४

प्रिय विलास,
जय भीम.

रश्मीचा मेसेज आला. एवढाच: "ताई, ते पत्रं वाचतात. दोनदा वाचतात. मग कपाटावर ठेवतात. बोलत नाहीत." तिला सांग, मी तिची आभारी आहे. आणि कपाटावर पाल फिरते, पत्रं आत ठेव.

परवा तो मासा तिसऱ्यांदा लागला. मी मुद्दाम दुसऱ्या रंगाची कोळंबी लावली होती, म्हणजे त्याला फसायला काही कारण नको. तरी आला. एका मिनिटात मी त्याच्याशी ओळख असल्यासारखी बोलायला लागले होते. शामरावांनी ते ऐकलं आणि शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं.

मग मी अहमदना विचारायला गेले. क्लबचे अध्यक्ष अहमद, तुला आठवतात. त्यांचे वडील, आजोबा सगळे याच पाण्यावर जगलेले. त्यांच्या अंगणात गावा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, पीत मी फोटो पुढे ठेवले. ते आधी हसलेच. त्यांचं हिंदी तुला माहीत आहे.

"मॅडम, हामूर किधर जाएगा? ये उसका घर है. पत्थर के नीचे बैठता है, सब को देखता है. तुम छोड़ेगा, वो घर जाएगा. फिर भूख लगेगा, फिर आएगा. छोटा हामूर साल-साल एक ही जगह बैठता."

मी विचारलं, "ये आपको पहले से मालूम था?"

"हमको? बच्चा लोग को मालूम है."

"तो उस दिन आप बोले क्यों नहीं? विलास के टाइम?"

विलास, त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, शाळेत असताना मी चूक कबूल न करणाऱ्या पोरांकडे बघायचे तसं. म्हणाले, "मैंने पूछा था, मॅडम, शुअर? तुम बोला, क्वाइट शुअर. तुम बहन है. एक घर में रहता है. मैं समझा, तुमने घर में कुछ देखा होगा. भाई-बहन के बीच में मैं क्या बोलूँ? खलास."

म्हणजे असं. माझ्या भिंगावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी मी बहीण आहे यावर विश्वास ठेवला. परक्यानं आरोप केला असता तर तिथल्या चार बहरीन्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सख्खी बहीण म्हणते, मग खरंच असणार.

आणि एक. तक्रार आली होती असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. कोणाची तक्रार आली नव्हती. राजननंसुद्धा केली नव्हती. फोटो मीच शेजारी ठेवले, मीच ठरवलं.

का, ते मी गेले आठवडाभर स्वतःला विचारते आहे. तू लहान होतास, तुला माहीत नसेल. कॉन्व्हेंटमध्ये मी फी माफ असलेली मुलगी होते. आपल्या रेल्वे क्वार्टर्समधून तिथे गेलेली एकटी. तिसरीत असताना एका मुलीची कंपासपेटी हरवली. चाळीस दप्तरं होती, सिस्टर सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझं दप्तर बाकावर उलटं केलं. त्यात काही नव्हतं. पेटी नंतर त्या मुलीच्याच घरी सापडली. मला कोणी काही म्हटलं नाही, मीही घरी सांगितलं नाही. बाबा लोको शेडमधून आल्यावर रोज विचारायचे, "आज काय शिकवलं?" आणि मी कविता म्हणून दाखवायचे.

तेव्हापासून कोणी मागायच्या आधी मी माझं दप्तर स्वतःच उलटं करते. शाळेत, शेजारात, या देशात. आपल्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा राहू नये म्हणून. राजन आणि त्यांची ती मंडळी कधी काही म्हणाली नव्हती. पण म्हणतील, "यांचा भाऊ, म्हणून सोडला", हे माझ्या कानात आधीच वाजायला लागलं होतं. ती पुढे "यांचं असंच" असंही म्हणतील, हेही.

त्या दिवशी मी तुझं दप्तर उलटं केलं. माझंच समजून.

हे कारण आहे. माफ करण्याजोगं आहे असं मी म्हणत नाही.

ताई

•

झिंज
१२ जानेवारी २०२५

प्रिय विलास,

तुझा निरोप रश्मीनं कळवला. "ताईला सांग, आता राहू दे. उगाच उकरू नको."

नाही राहू देणार. ३१ जानेवारीला या वर्षीचा बक्षीस समारंभ आहे. हॉल तोच, माईक तोच. मी अहमदना सांगितलं, मला पाच मिनिटं हवीत. ते म्हणाले, "मॅडम, लेट इट गो. दुनिया आगे गया." सगळ्यांनाच हे राहू द्यायचंय. ज्यांचं काही गेलं नाही त्यांना राहू देणं सोपं असतं. तुझं गेलं, आणि तूही तेच म्हणतोस, त्याचा मला जास्त राग येतो.

शामराव विचारत होते, "तू हे त्याच्यासाठी करतेयस की तुझ्यासाठी?" तीस वर्षांत इतका वाईट प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. मी भाजी चिरत राहिले. दोघांसाठी, बहुतेक. प्रमाण माहीत नाही.

मी थकले आहे, विलास. मासे पकडून नाही. इतकी वर्षं बरोबर असण्यानं.

ताई

•

झिंज
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय विलास,

झालं. जसं घडलं तसं लिहिते, चांगलं दिसण्यासाठी काही बदलत नाही.

मी भाषण लिहून नेलं होतं. इंग्रजीतच. तुला बाद केलं ते इंग्रजीत, मग मागे घेणंही त्याच भाषेत झालं पाहिजे. तेव्हा माझी ती गुळगुळीत इंग्रजी सगळ्यांनी ऐकली होती. तू उभा राहून म्हणालास, "सेम फिश, मॅडम. आय लीव्ह, ही कम अगेन." हॉल हसला. मासा म्हणजे काय मांजर आहे, असं कोणीतरी म्हणालं. मीही हसले होते, विलास. ओठ मिटून, पण हसले होते. तू मला चारचौघांत मॅडम म्हणायचास, कारण घरच्या नात्याचा फायदा घेतला असं वाटू नये, हे मीच तुला शिकवलं होतं. तू खरं तेच सांगितलं होतंस. त्याहून स्पष्ट कोणालाही सांगता आलं नसतं.

तर मी माईकपाशी गेले. मोठ्या पडद्यावर माझ्या हामूरचे तीन फोटो लावले, तिन्हींवर वेगवेगळी तारीख. म्हटलं, हा एकच मासा आहे, मी तीनदा पकडला, तीनदा सोडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये विलास सुरवाडे यांनी हेच सांगितलं होतं आणि मी त्यांना खोटं ठरवलं. ते खरं बोलत होते. चूक माझी होती. पुरावा न तपासता मी निकाल दिला, आणि आरोपी माझा भाऊ असल्यामुळे तुम्ही तो मान्य केलात.

मी थांबले. मग मागच्या रांगेतून एका पोरगेल्या इंजिनिअरनं शेजाऱ्याला विचारलं, "विलास कोण?"

विलास, बहुतेकांना माहीतच नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्ये तेवीस जण होते, उपस्थितीचा कागद माझ्याकडे आहे. त्यातले नऊ उरलेत. बाकीचे दोहा, टोरांटो, कोट्टायम, दावाओ. या देशात माणसं अशीच, व्हिसा संपला की उठून जातात. जे तुला हसले ते हसू बरोबर घेऊन गेले. मी माफी मागितली ती नव्या माणसांची, ज्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. इतका संताप आला मला त्या टाळ्यांचा.

राजन होते. समारंभ संपल्यावर ताटात बिर्याणी घेऊन आले.

"मॅडम, ग्रेट जेस्चर हं. पण तीन वर्षांनी काय फरक पडतो?"

"ट्रॉफी परत द्या."

"अहो, ती पुण्याला आहे. शोकेसमध्ये."

"मग कोणाला तरी शोकेसमधून काढायला सांगा. भुसावळ पुण्याहून लांब नाही."

"मॅडम, तुम्ही सीरियसली म्हणताय?"

"मी विनोद करते असं तुम्हाला कधी वाटलं?"

त्यांनी बायकोला फोन लावला. लीना त्यांची, बाई बरी आहे. पलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, "हो हो, पाठवते. नाहीतरी ती पुसायचा मला कंटाळाच आलाय." तेव्हा ट्रॉफी येईल. नको असेल तर फेकून दे. पण ती तू फेकायची.

अहमदनी काल भिंतीवरच्या फलकात २०२१ समोर तुझं नाव घातलं, आणि नियमांत एक ओळ वाढवली, की तोच मासा पुन्हा मिळाला तर तो धरला जाईल. निघून गेलेल्या चौदा जणांना मी पत्रं लिहिते आहे. नऊ पत्ते मिळाले, एक मेला आहे. त्याच्या बायकोला लिहिलं.

आता जे भाषणात नव्हतं ते. समारंभाच्या आधी दोन दिवस फोटो माझ्याकडे होते. तू पलीकडच्या खोलीत होतास, दारं उघडी. संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून वरण-भात खाल्लास आणि म्हणालास, "ताई, या वेळी जिंकतो बघ." मी तुला वाढलं. एक प्रश्न विचारायचा होता आणि मी तो विचारला नाही. विचारला असता तर परीक्षकानं घरी चर्चा केली, असं झालं असतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, तू नाही म्हणाला असतास तर मला तुझ्यावर विश्वास ठेवावा लागला असता, आणि मग ते सगळं भिंग, ते बरोबर असणं, वाया गेलं असतं.

चुकले मी. हॉलमध्ये नंतर, आधी त्या जेवणाच्या टेबलावर.

ताई

•

झिंज
२ मार्च २०२५

प्रिय विलास,

परवा तुझा फोन आला. अनोळखी नंबर बघून मी आधी कापलाच, बँकवाले समजून. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"ताई, आता पत्रं बंद कर. पोस्टमन रश्मीला विचारतो, कोर्टाची काही भानगड आहे का म्हणून. दर वेळेला सही."

मी म्हटलं, "साध्या टपालानं गहाळ होतात."

"झाली असती तर बरं झालं असतं."

"असं म्हणायचं होतं तर वाचली कशाला? तीही दोन-दोनदा?"

मला वाटलं, ठेवतोय आता फोन. माझी जीभ अशी आहे, काय करू. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. त्या दिवशी टेबलावर विचारायचं होतं ते.

"विलास, तो मासा तू सोडला होतास?"

"सोडला होता, ताई."

"बरं."

तू म्हणालास, मी आता तिकडे येणार नाही, इथे बरं चाललंय, हतनूरच्या धरणावर शनिवारी जातो. आणि म्हणालास, ट्रॉफी आली, रश्मीनं तिच्यात कंगवे ठेवलेत. तुझा राग गेला असं तू म्हणाला नाहीस. मी विचारलंही नाही. तेवढं मला कळतं.

मग तू विचारलंस, "तू मासा सोडतेस कसा?"

मी म्हटलं, सोडते म्हणजे, पाण्यात सोडते.

"टाकतेस?"

"हळूच टाकते."

"टाकायचा नाही, ताई." आणि तू सांगायला लागलास. हात आधी ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचं चिकट निघून जातं. एक हात शेपटीपाशी, एक पोटाखाली, पोट दाबायचं नाही. तोंड लाटेकडे करून पाण्यात धरायचा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्यायचं. तो निपचित दिसतो, पण घाई करायची नाही. ढकलायचा नाही. त्याला दम खाऊ द्यायचा. मग तो आपणहून शेपूट मारतो, हाताला जोर लागतो, तेव्हाच बोटं सैल करायची. मग तू तुझ्या शेहेचाळीसवाल्याचं सांगितलंस, दुसऱ्या शुक्रवारी तो तुझ्या हातात किती वेळ नुसता थांबून होता ते. मग धरणातल्या मरळ माशाचं. मग पुन्हा हामूरचं.

शामराव गुडघ्याला शेक देत ऐकत होते. बोटानं खूण करून विचारत होते, कोण, कोण. मी त्यांना हातानंच थांबवलं.

यातलं अर्धं मला माहीत होतं, विलास. हात ओले करायचे हे तर पुस्तकातही आहे. तू बोलत होतास ती जवळजवळ अकरा मिनिटं, मी नंतर फोनवर बघितलं. अकरा मिनिटांत मी एकदाही मधे बोलले नाही, एकदाही तुला दुरुस्त केलं नाही. हे तुझ्या लक्षात आलं का?

ताई